भाड्याचे घर आणि केरसुणी

कीर्तनात बुवा देहाला भाड्याचे घर म्हणतात, तेव्हा आपण सगळे माना डोलावतो. चार दिवसांची वस्ती आहे, मालक वेगळाच आहे, बोलावणे आले की सारे इथेच ठेवून निघायचे आहे, हे आपल्याला पटते. कीर्तन संपले की आपल्यातले कितीतरी जण मात्र खरोखरच भाड्याच्या घरात परततात. वासिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात जिथे भाताची खाचरे होती तिथे आता चार-चार मजली इमारती उभ्या आहेत. कसाऱ्याच्या लोकलने रोज मुंबई गाठणारा नोकरदार, मुरबाडच्या एमआयडीसीतला कामगार, आश्रमशाळेवर बदली होऊन आलेले गुरुजी, असे अनेक जण तिथे भाड्याने राहतात. त्या खोल्यांतही तोच शब्द कानावर येतो. मोरीचा नळ गळतो आहे. असू दे, भाड्याचेच आहे. भिंतीला ओल धरली आहे. आपल्याला काय, भाड्याचेच आहे. जिन्यात केर साचला आहे. आपण थोडेच इथे जन्मभर राहणार आहोत!

शब्द एकच, पण कीर्तनात तो आपल्याला आसक्तीतून सोडवतो आणि जिन्यात जबाबदारीतून. या दोन सुटका एकच आहेत का? इथले काहीच आपले नाही हे संतांचे सांगणे खरे असेल, तर गळणाऱ्या नळाकडे न बघणारा भाडेकरू त्या उपदेशाच्या सर्वांत जवळ पोहोचला आहे असे म्हणायचे का? प्रश्न ऐकून हसू येईल. पण उत्तर वाटते तितके सोपे नाही, म्हणून जरा थांबून विचार करू.

आधी आपल्या जुन्या घराकडे बघू. शहापूर-मुरबाडच्या गावांत आणि पाड्यांवर अजूनही कुडाची घरे दिसतात. सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी जंगलातून आणायची, तिच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, वर मातीत भाताचा तूस आणि शेण कालवून लिंपायचे, की भिंत झाली. वर गवत किंवा कौले. या घरात लागलेली बहुतेक प्रत्येक वस्तू दोन-चार कोसांच्या आतली असते, आणि घर पडले तरी ती मातीतच मिसळते. आज मोठमोठ्या सभांमधून ज्याला शाश्वत बांधकाम म्हणतात, ते आपल्या आजी-आजोबांना नाव न घेता ठाऊक होते.

पण हे घर आपोआप टिकत नाही. ते रोजच्या हातावर टिकते. दर आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवायची, सणाला भिंती पोतेरायच्या, मृगाच्या आधी शाकारणी करायची, कौले चाळून फुटकी बदलायची, पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला गवताचा आडोसा बांधायचा. सारवताना बाईचा तळहात घराच्या इंचाइंचावरून फिरतो. वाळवीने काढलेली मातीची रेघ, उंदराने पाडलेले बीळ, कोपऱ्यातला ओलसरपणा आधी त्या हाताला कळतो, मग घरधन्याला. चुलीचा धूर छपराच्या लाकडाला कीड लागू देत नाही. म्हणूनच माणूस राहते घर वर्षानुवर्षे उभे राहते आणि कुलूप लावलेले घर चार-दोन पावसाळ्यांत बसते. मालकी कुलूप लावल्यावरही शाबूत असते. सात-बारावर नाव असते, घरपट्टीची पावती असते. तरी घर पडते, कारण त्याला धरून ठेवणारा हात निघून गेलेला असतो.

कोणी म्हणेल, ही मातीच्या घरांची गोष्ट झाली. सिमेंटला कसले सारवण? पण सिमेंटचे घरही हातावरच टिकते, फक्त ते पडायला वेळ घेते म्हणून आपल्या लक्षात येत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गच्चीवर पाणी जाण्याचे जे भोक असते, त्याच्या जाळीत पिंपळाची मूठभर पाने अडकली की पाणी तुंबते. तुंबलेले पाणी बारीक चिरेतून आत उतरते आणि स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे तो आतून रेटा देतो आणि एक दिवस छताचा गिलावा खाली कोसळतो. पन्नास वर्षे टिकायची इमारत पंचवीस वर्षांत धोक्याची ठरते. मधल्या काळात कोणी जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर खराटा घेऊन गेले असते, तर मूठभर पानांवरच काम भागले असते.

झाडणेही जाणतेपणाने हवे. लादी चकचकीत व्हावी म्हणून वारंवार अ‍ॅसिड ओतले तर ते लाद्यांच्या सांध्यांतले सिमेंट खाते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. आपल्याकडे बहुतेक इमारतींना मोठ्या शहरासारखी गटारांची सोय नाही, सांडपाणी जमिनीतल्या टाकीत जाते. त्या टाकीतली घाण जे सूक्ष्म जिवाणू पचवतात, ते संडासात बेसुमार ओतलेल्या अ‍ॅसिडने आणि फिनाईलने मरतात. मग टाकी लवकर भरते, दुर्गंधी येते आणि घाण शेजारच्या विहिरीकडे झिरपते. पाण्याचेही तसेच. तानसा, मोडक सागर, भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत आणि त्यांच्यावर मुंबई पाणी पिते. तरी एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी पाइपने जिना धुणे ही स्वच्छता कशी म्हणावी? आजीला घर सारवायला एक बादली पुरत असे.

या सगळ्याचा धर्माशी काय संबंध, असे वाटेल. संबंध असा आहे की प्रत्येक घर कोणाच्या तरी अंगावरून उभे राहते. सिमेंट करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. माणसाच्या उद्योगामुळे जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. हा आकडा दूरचा वाटत असेल तर जवळचे बघा. दिवाळी झाली की आपल्याच तालुक्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. भट्टीशेजारी कच्च्या-पक्क्या विटा नुसत्या रचून, वर प्लास्टिक टाकून ती पावसापर्यंत राहतात. मुलांची शाळा सुटते. आपल्या भिंतीतली वीट ज्याने थापली, त्याला विटेचे घर मिळतेच असे नाही. ज्याच्या पायाखाली वीट आहे त्या विठ्ठलाचे नाव आपण घेतो, आणि वीट थापणाऱ्याचा विचार आपल्या मनात येत नाही.

उभे असलेले घर म्हणजे आधीच जळून गेलेली भट्टी, आधीच फुटलेला डोंगर, आधीच वाहिलेला घाम. ते घर दहा वर्षे अधिक टिकले तर तेवढी वर्षे नव्या विटा, नवी वाळू, नवे सिमेंट लागत नाही. म्हणून घर नीट झाडणे, गळती वेळेवर सांगणे, ओल वाढू न देणे ही कष्टांची आणि सृष्टीची राखण आहे. भूतदया आपण गाईला घास देऊन पाळतो. ती जिना झाडूनही पाळता येते.

आता भाडेकरूची बाजू ऐकली पाहिजे. तो म्हणेल, करार अकरा महिन्यांचा आहे. अनामत रक्कम परत मिळेल की रंगकामाच्या नावाने कापली जाईल, ठाऊक नाही. गळती सांगितली तर मालक फोन उचलत नाही; स्वतः दुरुस्त केली तर पैसे मिळत नाहीत. सोसायटीच्या बैठकीत मला बसता येत नाही. टाकीतले पाणी कमी पडले की आधी भाडेकरूकडे बोट दाखवले जाते. आणि खोली मागायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आडनावाचा होता. ज्या घराने मला आपले म्हटले नाही, त्याला मी आपले का म्हणू?

हे गाऱ्हाणे खोटे नाही. उत्तर देण्याआधी आपल्या मुलखाचा एक जुना अनुभव आठवू. भाडेकरू हा शब्द रुळण्याच्या आधी इथे कूळ हा शब्द होता. शहापूर-मुरबाडची कितीतरी भातशेते कुळांनी पिढ्यान्पिढ्या कसली. बांध त्यांनी घातले, राब त्यांनी भाजला, खाचरे त्यांनी सपाट केली. जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर होती आणि पिकाचा मोठा वाटा खंडात जाई. मग १९४८ साली कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. कायद्याची अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही, अनेक गरीब कुळांची नावे कागदावर चढलीच नाहीत. पण त्यामागचा नीतिविचार मोठा होता. ज्याने राखले त्याचा राखलेल्या वस्तूशी खरा संबंध जडतो, आणि समाजाने तो मान्य केला पाहिजे, असा तो विचार होता.

खोलीच्या बाबतीत राखण करणाऱ्याला मालकी देता येणार नाही, हे उघड आहे. पण मान देता येतो. ज्याने गळती पहिल्यांदा पाहिली त्याचे ऐकून घेता येते. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करून देता येतो. सोसायटीच्या बैठकीत भाडेकरूला मत देता आले नाही तरी बोलू देता येते, कारण जिन्याची, टाकीची, गच्चीची अवस्था मुंबईत बसलेल्या मालकापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते. जिना झाडायला येणाऱ्या बाईंना वेळेवर मजुरी आणि प्यायला पाणी देता येते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. मग वर्षभर जिच्या हातात ती केरसुणी असते, तिला दाराबाहेरच का उभे ठेवायचे?

आपल्या संप्रदायाची गंमत अशी की दुसऱ्याच्या घरात राहून ते घर झाडणाऱ्या एका बाईला आपण संत मानतो. जनाबाई गंगाखेडहून आल्या आणि दामाशेटींच्या घरी वाढल्या. ते घर त्यांच्या मालकीचे नव्हते. दळण, कांडण, शेणी, केरवारा, सारे त्यांच्याकडे. परंपरा सांगते की विठ्ठल त्यांच्या मदतीला आला, त्याने दळू लागले, केर भरू लागला. देव घराच्या मालकाकडे हिशेब विचारायला आला नाही. तो झाडणारीच्या शेजारी येऊन बसला. आपण ही कथा डोळ्यांत पाणी आणून ऐकतो, पण तिचा पुढचा अर्थ लावत नाही. घर कोणाचे, या प्रश्नापेक्षा घर कोण राखते, हा प्रश्न देवाला जवळचा वाटला.

चोखोबांचीही आठवण इथे होते. मंगळवेढ्याला कुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. ते साल १३३८ मानले जाते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. ज्या गावाचे कूस ते बांधत होते, त्याच्या आत त्यांना घर नव्हते. दुसऱ्यासाठी भिंत बांधणारा तिच्याखाली मरतो, ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वीची असली तरी तिची जात अजून जुनी झालेली नाही.

आणि गाडगेबाबा. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरीच्या धर्मशाळेला चोखामेळ्याचे नाव दिले. धर्मशाळा म्हणजे जिथे सगळेच एका रात्रीचे भाडेकरू असतात. बाबांनी त्यातली एकही स्वतःच्या नावावर ठेवली नाही, की तिथे गादी घालून बसले नाहीत. गावात शिरले की हातात खराटा, आणि गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. ज्या गावात उद्या ते नसणार होते, ते गाव ते आज झाडत होते. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, तेही वाटेतच. त्यांच्याइतका अनासक्त माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका केर काढणाराही.

इथे आपल्या प्रश्नाची उकल होते. हे माझे नाही, या एका वाक्यातून दोन वाटा फुटतात. एक म्हणते, माझे नाही म्हणून मला त्याचे काही नाही. दुसरी म्हणते, माझे नाही, म्हणजे ते कोणाची तरी ठेव आहे. ठेव जशी घेतली तशी परत केली पाहिजे. पहिली वाट दिसायला वैराग्यासारखी असली तरी तिच्यात ‘मी’ पुरेपूर असतो. माझा लाभ नाही तिथे माझा हात हलणार नाही, असे तो ‘मी’ म्हणत असतो. ही आसक्तीच आहे, फक्त उलटी घातलेली. दुसऱ्या वाटेवर मालकीचा हट्ट गळतो आणि काळजी तेवढी उरते. संतांना अभिप्रेत वैराग्य हे आहे.

मालक आपले घर झाडतो तेव्हा त्यात थोडा स्वार्थ मिसळलेला असतो. घराची किंमत वाढते, चारचौघांत मान राहतो. भाडेकरू झाडतो तेव्हा ते घर पुढच्या अनोळखी माणसासाठी राखले जाते. त्याच्या झाडण्यात सेवेचा भाग अधिक असतो. मंदिरातले सडा-संमार्जन आपण सेवा मानतो, कारण मंदिर आपल्या मालकीचे नसते. त्याच न्यायाने भाड्याच्या खोलीतला केरही सेवेच्या जवळ जातो.

पण इथे एक सावधगिरी हवी. निष्काम व्हा, असे स्वतःला सांगावे. दुसऱ्याला सांगून त्याच्याकडून फुकट काम करून घेऊ नये. गळके छत देऊन वर भाडेकरूला सेवाभाव शिकवणारा मालक परमार्थाचा उपयोग वसुलीसाठी करतो. मालकाने न्याय पाळावा, भाडेकरूने राखण करावी, आणि दोघांनी एकमेकांची वाट बघत बसू नये. आधी तुम्ही, मग आम्ही, या वादात पावसाळा थांबत नाही.

वारकऱ्याला हे अवघड जाऊ नये, कारण त्याला भाडेकरूपणाचा सराव आहे. आपल्याकडे आषाढात भाताची लावणी असते, म्हणून अनेकांची पायी वाट कार्तिकात आळंदीची असते. कोणी माळशेज चढून जातो. कोणी पौषात कसाऱ्याचा घाट चढून निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरी जातो. वाटेत रोज नवा मुक्काम. शाळेची पडवी, कोणाची ओटी, मारुतीचे देऊळ. त्यातले काहीच आपले नसते. चांगल्या दिंडीची ओळख तिच्या मृदंगावरून होतेच. ती पहाटे निघाल्यावर मागे राहिलेल्या अंगणावरूनही होते. पत्रावळ्या उचललेल्या, चूल विझवलेली, उष्टे खड्ड्यात पुरलेले, ओटी झाडलेली असेल, तर पुढच्या वर्षी तो घरधनी वेशीवर येऊन वाट बघतो. ज्या दिंडीने घाण मागे ठेवली, तिच्या अभंगांचा त्याला काय उपयोग?

मुक्कामाची ही शिस्त घरी आणली की झाले. मृगाआधी गच्चीची जाळी साफ आहे ना, एवढे पाहावे. गळणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवून सकाळी ती किती भरली ते मालकाला दाखवावे. जिना आधी कोरडा झाडावा, मग ओल्या फडक्याने पुसावा. अ‍ॅसिडची बाटली क्वचितच उघडावी. मालक असाल तर वर्षातून एकदा, भाडे घ्यायला म्हणून नव्हे, घर बघायला म्हणून जावे आणि राहणाऱ्याला विचारावे, इथे काय दुखते आहे?

देहाच्या घरालाही हेच लागू आहे. तो आपला नाही, म्हणून आपण त्याला उपाशी ठेवत नाही की घाणीत लोळवत नाही. रोज स्नान घालतो, गंध लावतो, गळ्यात तुळशीची माळ घालतो. मालकाला परत द्यायचा आहे, या जाणिवेनेच तो नीट राखतो. मग ज्या चार भिंतींत हा देह राहतो, त्यांना वेगळा न्याय कशाला? किल्ली एक दिवस परत द्यायचीच आहे, देहाचीही आणि खोलीचीही. ती हातात ठेवताना मागे झाडलेले अंगण असावे, एवढेच मागणे पांडुरंगाकडे करावे.

रामकृष्ण हरी.